रेशनच्या पिशवीत डाळ कुठाय?

मी सॉफ्टवेअरवाला, आधी आकडे पाहतो. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिना 5 किलो धान्य मिळतं. 2023 पासून मोफत. हे मोठं काम आहे. पण पिशवीत बहुतेक तांदूळ-गहूच; डाळीचा हक्क कायद्यात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 सांगते, 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. नुसत्या भाताने रक्त कसं वाढेल?

शाळेत आठवड्याला एक अंडं मिळायचं. जानेवारी 2025 मध्ये राज्याने त्याचा निधी थांबवला. लोकवर्गणी काढा म्हणे! ज्यांना अंडं नको त्यांना केळं होतंच की.

रेशनच्या रांगेत बायाच जास्त. वॉर्डसभेत डाळ त्यांनीच मागावी. अर्ज मी टाइप करून देतो.