शेवटच्या दिवसांचं बळ

आजार बरा होणार नाही असं कळलं, की घरचे म्हणतात, "आता हातात काही उरलं नाही." तसं नसतं.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, पुढे डॉक्टर झाल्या. मरणाच्या दारातल्या माणसाचं दुखणं केवळ शरीराचं नसतं. मनाचं, नात्यांचं, श्रद्धेचंही असतं, हे त्यांनी ओळखलं. कळ उठायची वाट न पाहता वेळच्या वेळी वेदनाशामक द्यावं, हा त्यांचा आग्रह. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, सुरू केलं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून कर्करोगाच्या रुग्णांची अशीच सेवा करत आहे.

कोरडे ओठ ओल्या कापसाने टिपणं, हलक्या हाताने कूस बदलून देणं, हे घरीही जमतं. कळ शमली की डोळा लागतो, दोन घास पोटात जातात, राहून गेलेलं बोलायला उसंत मिळते. कुणाची क्षमा मागायची असते, कुणाला आशीर्वाद द्यायचा असतो. आतला धीर तेव्हाच वर येतो.

घरात असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना पॅलिएटिव्ह केअरबद्दल, म्हणजे वेदना शमवणाऱ्या अशा सेवेबद्दल, आजच विचारा. शेवटच्या दिवसांची वाट पाहू नका.