फर्माने आणि बाळंतपणे

लोकसंख्येविषयीचे सरकारी धोरण एका फर्मानाने फिरते. परंतु जुन्या फर्मानाच्या अंमलात ज्या स्त्रिया प्रसूत झाल्या, त्यांच्या शरीरांवर ते कसे उरते, याचा विचार मी आज चीनच्या उदाहरणावरून करणार आहे.

25 सप्टेंबर 1980 रोजी चिनी साम्यवादी पक्षाने आपल्या सभासदांना अनावृत पत्राद्वारे एकाच अपत्यावर थांबण्याचे आवाहन केले, आणि पुढे त्याला दंडाची, परवान्यांची व अनेक ठिकाणी सक्तीच्या गर्भपाताची जोड मिळाली. त्या जुलमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा प्रसूतिगृहांवर झालेला परिणाम मात्र सहसा कोणी सांगत नाही. जिला जन्मात एकदाच बाळंत व्हायचे, तिने कळा सोसाव्यात कशाला, असे घरच्यांना वाटू लागले. शुभ दिवस निवडण्याची सोय, एकुलत्या जिवाची धास्ती आणि शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयाच्या जमेत पडणारी भर यांनी त्या वाटण्याला बळ दिले. आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2007-08 साली ज्या चिनी रुग्णालयांची पाहणी केली, त्यांत शंभरांपैकी सुमारे 46 बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. नैसर्गिक प्रसूती धीराने पार पाडणाऱ्या सुइणींचे महत्त्व तिथे ओसरले, यात नवल नाही. गर्भाशयावरच्या व्रणाची चिंता करण्याचेही कोणास कारण नव्हते, कारण पुढचे मूल कायद्यानेच रोखले होते.

1 जानेवारी 2016 पासून दुसऱ्या अपत्याला मुभा मिळाली. त्या वर्षी पावणेदोन कोटींहून अधिक बालके जन्मली. मातांमध्ये पस्तिशी उलटलेल्या पुष्कळ होत्या, आणि त्यांतल्या कित्येकींच्या गर्भाशयावर पहिल्या सिझेरियनचा व्रण होता. अशा व्रणावर वार रुजली, तर ती खोल शिरते, मूल बाहेर आल्यावरही सुटत नाही, आणि कधी कधी रक्तस्राव इतका अनावर होतो की बाईचा जीव राखण्यासाठी गर्भाशयच काढून टाकावे लागते. मोठ्या शहरांत खाटा मिळेनाशा झाल्या. 2017 साली प्रत्येक गर्भवतीची जोखीम तपासून तिची नोंद हिरव्या, पिवळ्या, नारिंगी, लाल किंवा जांभळ्या रंगाखाली करण्याचा हुकूम निघाला. दफ्तरी रंगरंगोटीची थट्टा करण्याचा मोह आवरून सांगावेसे वाटते, की या धामधुमीतही मातामृत्यूचे अधिकृत प्रमाण लाखामागे 20 च्या आसपासच राहिले. याचे श्रेय तेथील आरोग्यखात्याला दिलेच पाहिजे.

परंतु 31 मे 2021 रोजी तिसऱ्या अपत्याचीही मुभा जाहीर झाली, तेव्हा प्रजेचा उत्साह संपलेला होता. 2023 साली जन्म 90 लाखांवर उतरले. रात्रीची जागरणे, तुटपुंजा मोबदला आणि रिकाम्या खाटा पाहून अनेक रुग्णालयांनी प्रसूतिविभाग बंद केले. आता व्रण असलेली, चाळिशीकडे झुकलेली एखादी बाई सरकारच्या शब्दावर विसंबून तिसऱ्या खेपेस गर्भवती झाली, तर रक्ताची तजवीज आणि अनुभवी प्रसूतितज्ज्ञ यांची सर्वांत अधिक गरज तिलाच असते. आणि गावचा विभाग बंद झाला असेल, तर भरल्या दिवसांत दूरच्या शहराची वाट धरावी लागते तीही तिलाच.