उल्लेख किती, उत्तरं किती?

मागे बढतीचा फॉर्म भरताना ‘सायटेशन’ या रकान्यात मी ३१ लिहिलं. ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेवरचा माझा जुना निबंध. त्याचा एकतीस जणांनी उल्लेख केला म्हणून खूश होते. मग सुट्टीत ते एकतीसही काढून वाचले. बहुतेकांत माझं आडनाव कंसात, आणखी पाचसहा आडनावांच्या रांगेत. माझ्या म्हणण्याला उत्तर दिलं होतं चौघांनी. त्यातल्या एकीनं दाखवलं होतं की मी हजेरीपटावरची मुलंच मोजली. टोळीबरोबर फडावर गेलेली मोजलीच नाहीत. बरोबर होतं तिचं. आणि हा निबंधही माझ्या एकतिसात, माझ्याच बाजूला जमा!

वकिलांनी ही अडचण फार आधी ओळखली. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ पासून निकालांची सूची काढली. पुढे त्यात नुसता उल्लेख नसे. नंतरच्या न्यायालयानं तो निकाल अनुसरला, वेगळा मानला की रद्द ठरवला, याची अक्षरखूण शेजारी असे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी सूची सुचवली ती हाच नमुना समोर ठेवून. १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ आला. पण त्या खुणा काही आल्या नाहीत, आणि आपल्या फॉर्मांपर्यंत पोचला तो नुसता आकडा.

लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’नं २०१० मध्ये मागे घेतला. त्याचे उल्लेख शेकड्यांनी आहेत, आणि बहुसंख्य त्याला खोडून काढणारे. नुसती बेरीज पाहिली तर मोठाच यशस्वी निबंध म्हणायचा! आपल्याकडे एडीएम जबलपूरचा १९७६ चा निकाल घ्या. आणीबाणीत अटक झालेल्याला न्यायालयाचं दारच बंद करणारा. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात तो रद्द ठरला. आजही त्याचं नाव निघतं, पण त्याच्या आधारावर कुणी वकील उभा राहणार नाही.

मी फॉर्म परत मागून घेतला. रकान्यात लिहिलं: उल्लेख २७, उत्तरं ४, पैकी एक विरोधात. कार्यालयातल्या बाई बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “मॅडम, मग मी गुण कितीचे धरू?”

त्यांच्याकडेही रकाना एकच होता. त्यांनी ३१ धरले. फडावरची मुलं मोजायला मी या हंगामात जाते आहे, त्या विरोधात लिहिणारीबरोबरच.