विजेच्या जोडकामात घ्यावयाची दक्षता
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



 संमेलनाच्या प्रसंगी ज्ञातीचा पूर्वेतिहास, विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांचा परिचय हे विषय नेहमी निघतात आणि ते निघावेत हे योग्यच आहे. परंतु आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरच्या चुलीशी निगडित आहे. तो म्हणजे विजेच्या जोडकामात, ज्यास आपण सर्वजण वेल्डिंग म्हणतो त्यात, कारागिराने घ्यावयाची दक्षता.

लोहाराचा धंदा मुळातच अग्नीचा धंदा आहे. भाता, ऐरण, घण आणि सांडशी यांच्या संगतीत आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, बैलगाडीच्या चाकाची धाव या सर्वांना त्यांनीच आकार दिला. त्या धंद्यातही धोका होताच; परंतु तो दिसणारा धोका होता. तापलेले लोखंड लाल दिसे, ठिणगी उडताना दिसे, घणाचा घाव कोठे पडणार हे कळे. काळे पडलेले लोखंडही भाजते, हे पोर एका चटक्यात शिके. सावधगिरीसाठी वेगळी शाळा लागत नसे. भट्टीजवळ बसता बसता ती अंगात मुरत असे.

विजेच्या जोडकामाची गोष्ट अगदी वेगळी आहे. हा धंदा जुना नाही. १८८० नंतरच्या दशकात रशियात बेनार्दोस यांनी कर्बाच्या कांडीने आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत स्लाव्यानोव्ह यांनी धातूच्या कांडीने विजेच्या ज्योतीत लोखंड जोडून दाखविले. आज आपण वापरतो तो लेप दिलेला रॉड स्वीडनच्या शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणला. म्हणजे हजारो वर्षांच्या लोहविद्येपुढे हे वय दीडशे वर्षांचेही नाही. या ज्योतीची उष्णता पाच-सहा हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. परंतु तिचे खरे धोके उष्णतेपलीकडचे आहेत. डोळा जाळणारा किरण दिसत नाही, हृदय थांबविणारा प्रवाह दिसत नाही, फुप्फुसात उतरणारे कण धुरात असूनही जाणवत नाहीत. वाडवडिलांचे शहाणपण येथे अपुरे पडते, हे आमचे आजचे मुख्य सांगणे आहे. जे अंगात मुरत नाही, ते नियमाने शिकवावे लागते.

प्रथम डोळ्यांविषयी. विजेच्या ज्योतीतून डोळे दिपविणाऱ्या प्रकाशाबरोबर अतिनील किरणही निघतात आणि ते बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजून काढतात. विशेष हे की भाजल्याची जाणीव त्या वेळी होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखी आग होते, पाणी वाहते, दिवा सहन होत नाही. कारागीर म्हणतो, ‘आज आर्क लागला.’ घरात मग बटाट्याच्या चकत्या, दूध, तूप, मध यांची धावपळ सुरू होते. भगिनींनी हे ध्यानी ठेवावे की डोळ्यांत यातील काहीही घालू नये. मिटलेल्या पापण्यांवर स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवावी, डोळे चोळू देऊ नयेत, खोलीत अंधार करावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरास दाखवावे. ज्या थेंबांनी तत्काळ बधिरता येते, ते दुकानातून आणून वारंवार घालणे फार घातक आहे. वेदना लपते आणि जखम भरण्यास उलट अडथळा होतो. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत डोळे निवळतात, आणि म्हणूनच लोक ही गोष्ट हसण्यावारी नेतात. परंतु उघड्या डोळ्यांनी ज्योतीकडे टक लावून पाहिल्यास आतील पडद्यास कायमची इजा होऊ शकते.

यावर उपाय महाग नाही. चेहरा व गळा झाकणारा मुखवटा आणि त्यात योग्य क्रमांकाची काळी काच. ८० ते १६० अँपिअरच्या नेहमीच्या कामास १० क्रमांकाची, त्याहून अधिक प्रवाहास ११ किंवा १२ क्रमांकाची काच घ्यावी. उन्हाचा चष्मा येथे निरुपयोगी आहे आणि गॅसच्या जोडकामाचा चष्माही अपुरा आहे. काळ्या काचेपुढे साधी पांढरी काच असावी, म्हणजे शिंतोडे तिच्यावर झेलले जातात. तडा गेलेली काळी काच त्याच दिवशी टाकून द्यावी. स्लॅग झाडताना काळी काच वर होते आणि नेमका त्याच वेळी तापलेला कपरा डोळ्यांत उडतो. एतदर्थ मुखवट्याच्या आत साधा पारदर्शक चष्मा घालावा.

दुसरी गोष्ट विजेची. मशीन २३० किंवा ४१५ व्होल्ट घेते आणि रॉडकडे, ज्योत पेटलेली नसताना, सत्तर-ऐंशी व्होल्ट देते. ‘एवढ्याने काय होते?’ असे पुष्कळजण म्हणतात. कोरड्या हाताला खरोखर फारसे काही होत नाही, आणि हाच या धंद्यातील मोठा सापळा आहे. घामाने भिजलेल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरला, तर ऐंशी व्होल्टला ऐंशी मिलिअँपिअर प्रवाह अंगातून वाहतो. तीस मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह काही काळ टिकला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये, आषाढात ओल्या जमिनीवर किंवा लोखंडी टाकीच्या आत बसून उघड्या हाताने रॉड बदलणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय.

म्हणून हातात कोरडे, न फाटलेले चामडी हातमोजे असावेत, पायांत रबरी तळव्याचे बूट असावेत, बसण्यास कोरडी फळी असावी. होल्डर काखेत धरू नये, पाण्यात बुडवून थंड करू नये, केबल अंगाभोवती वा खांद्यावर गुंडाळू नये. अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या तुकड्यालाच आणि जोडाच्या जवळ घट्ट लावावा. इमारतीच्या सळया, नळ किंवा उचलण्याची साखळी यांतून प्रवाह परत नेण्याची सवय सोडावी. मशीनच्या सांगाड्याचे अर्थिंग वेगळे असावे. येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. घरात बसविलेले गळती-रोधक स्विच मशीनकडे येणाऱ्या वायरीतील दोष पकडते. रॉडच्या बाजूने बसणारा धक्का ते पकडत नाही, कारण ती बाजू ट्रान्सफॉर्मरने विलग झालेली असते. तेव्हा ते स्विच जरूर बसवावे, परंतु त्याच्या भरवशावर हातमोजे काढू नयेत. कोणास धक्का बसल्यास आधी मेन स्विच बंद करावे, मगच हात लावावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देण्यास लगेच आरंभ करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरी गोष्ट धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१७ साली जोडकामाचा धूर हा मनुष्यास निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गात घातला. बिनगंजाच्या पोलादाच्या धुरात क्रोमियम व निकेल असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपावर काम केल्यास त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो व बहुधा दुसऱ्या दिवशी उतरतो. परंतु धाप लागत असेल तर तो साधा ताप समजू नये आणि रुग्णालयात जाण्यास विलंब करू नये. पुष्कळ ठिकाणी कामगारास गूळ किंवा दूध देण्याची चाल आहे. ते उत्तम अन्न आहे. पण फुप्फुसात गेलेला धूर ते बाहेर काढीत नाही. नाकास बांधलेला रुमालही इतके सूक्ष्म कण अडवीत नाही. जोडाच्या जागेवरील जस्त व रंग आधी घासून काढावा, वारा बाजूने वाहील असे बसावे, डोके धुराच्या लोटाबाहेर ठेवावे, आणि बंदिस्त जागेत धूर ओढून घेणाऱ्या पंख्याविना काम करू नये. बाहेर दुसरा माणूस पहाऱ्यास ठेवल्याशिवाय टाकीत उतरूच नये.

आता आगीविषयी. अग्नी आपणांस परिचित आहे, तरी दोन गोष्टी जुन्या अनुभवात नव्हत्या. पहिली गोष्ट रिकाम्या पिंपाची. पेट्रोल, डिझेल, रंग वा डांबर यांचे पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ असते आणि भरलेल्या पिंपापेक्षा ते अधिक जोराने फुटते. ते पूर्णपणे धुऊन वाफमुक्त केल्यावाचून त्यास रॉड लावू नये. तशी सोय नसेल तर गिऱ्हाइकास नम्रपणे नकार द्यावा. दुसरी गोष्ट चाकाची. आपले पूर्वज धाव लाल तापवून लाकडी चाकावर चढवीत आणि पाणी ओतून आवळीत. आज उसाच्या ट्रॉलीचे चाक दुरुस्तीस येते, त्यावर हवेने भरलेला टायर असतो. तो तसाच ठेवून लोखंडी रिमला जोड दिल्यास टायर स्फोटाने फुटतो व जवळच्याचा जीव जातो. केवळ हवा सोडून भागत नाही. टायर रिमवरून उतरवूनच काम करावे. हंगामात कितीही घाई असली तरी हा नियम मोडू नये. तसेच कडबा, पाचट, कापूस यांपासून काम दूर करावे, कारण ठिणगी दहा मीटरपर्यंत घरंगळत जाते. पाण्याची बादली व वाळू जवळ ठेवावी, मात्र चालू मशीनवर पाणी टाकू नये. काम संपल्यावर किमान अर्धा तास, शक्य तर एक तास, त्या जागेवर लक्ष ठेवावे. अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉन व टेरिलिन वितळून कातडीस चिकटते.

बंधूंनो, ही माहिती पूर्वी कोठेच नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यातच डोळ्यांचे रक्षण, विषारी धूर आणि ज्वालाग्राही पदार्थांच्या टाक्या यांविषयी स्वतंत्र कलमे घातलेली होती. परंतु मोठ्या कारखान्यास जो निरीक्षक भेट देतो, तो रस्त्याकडेच्या दोन माणसांच्या शेडमध्ये सहसा येत नाही. तेथे कायद्याचे काम ज्ञातीलाच करावे लागेल.

आणि तेथेच एक मोठा अन्याय नित्य घडतो. शेडमध्ये मुखवटा एकच असतो, आणि तो मालकाच्या किंवा मोठ्या भावाच्या हाती असतो. पट्टी धरून जो उभा असतो, तो कोण? धाकटा भाऊ, पुतण्या, कामावर नुकताच आलेला मुलगा, कित्येक घरांत पत्नी. पूर्वी जी माउली भाता ओढीत असे, तीच आज पट्टी धरते. ती मान वळविते, डोळे मिटते. पण मिटलेल्या पापणीआडूनही तीव्र प्रकाश जातो, आणि गाल व मान भाजते ती निराळीच. कारागीर ज्योत केव्हा पेटविणार हे त्यास ठाऊक असते. धरणाऱ्यास ते ठाऊक नसते. म्हणजे ज्याचा धोका अधिक, त्याचे रक्षण कमी! मुखवटा मागणाऱ्यास ‘भित्रा’ म्हणण्याची रीतही काही ठिकाणी आहे. सांडशीने तापलेले लोखंड धरणाऱ्यास कोणी भित्रा म्हटले नाही. मग मुखवट्यास का म्हणावे? सांडशी हे जसे धंद्याचे हत्यार, तसाच मुखवटा हे धंद्याचे हत्यार.

यास्तव मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, आपल्या प्रत्येक सभासदाच्या शेडमध्ये दोन मुखवटे व दोन जोड हातमोजे असावेत. पहिला करणाऱ्याचा, दुसरा धरणाऱ्याचा. ज्यास ते घेणे परवडत नाही, त्यास मंडळाच्या निधीतून द्यावेत. दुसरी, विद्यार्थी-साहाय्य निधी केवळ महाविद्यालयापुरता न ठेवता औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डरचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलांनाही द्यावा. कारण तेथे शिकलेला एक मुलगा घरी येऊन चौघांस शहाणे करतो. तिसरी, रस्त्याकडेच्या प्रत्येक शेडमध्ये कामाच्या जागेभोवती ताडपत्रीचा वा पत्र्याचा आडोसा असावा. शाळेत जाणारी मुले कौतुकाने थांबून ती निळी ज्योत पाहतात. ती परक्यांची असली तरी त्यांचे डोळे राखणे हा आपला धर्म आहे.

खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी हळदकुंकू वाहण्यापूर्वी प्रत्येकाने केबल हातांखालून फिरवून पाहावी, उघडी पडलेली जागा बदलून घ्यावी, तडकलेली काच टाकावी, फाटके हातमोजे बाद करावेत. वर्षातून एकदा एवढे प्रत्येक घरी झाले, तरी आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.