शरद ऋतूंतील कामें व आपलें गृहिणी मंडळ

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामांतील गृहिणींच्या सभेंत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आपल्या मंदिरास नवा रंग चढला आहे व मिरवणुकीची तयारी चालली आहे. ह्या सर्व खटाटोपांत गृहिणींचा वांटा किती मोठा आहे हें आम्ही जाणतों. वेदीवरील वस्त्रें कोणीं धुतलीं, हार कोणीं गुंफिले, पाहुण्यांच्या पंक्ति कोणीं उठविल्या, हें कोणास सांगावयास नको. परंतु आज केवळ आभार मानण्यासाठीं आम्ही उभे राहिलों नाहीं. पाऊस सरल्यापासून आगमनकाळापर्यंतच्या येत्या शरद ऋतूंत आपल्या गृहिणी मंडळानें कोणतीं कामें हातीं घ्यावीं, ह्याचा विचार आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

सण आला म्हणजे एकत्र येणारें मंडळ निराळें आणि सण नसतांनाही शेजारणीच्या घराची चिंता वाहणारें मंडळ निराळें. पहिल्या प्रकारचें मंडळ आपणांपाशीं आहे. दुसऱ्या प्रकारचें व्हावें अशी आमची इच्छा आहे. तें कसें होतें, हें समजण्यासाठीं प्रथम थोडें दूर पाहूं.

कॅनडा देशाच्या ओंटारिओ प्रांतांत अ‍ॅडलेड हूडलेस नांवाची एक गृहिणी होती. तिचें तान्हें मूल १८८९ सालीं दगावलें. दूषित दुधानें आपलें मूल गेलें, आणि दूध कसें राखावें हें आपणांस कोणीं शिकविलें असतें तर तें वांचलें असतें, ही गोष्ट तिच्या मनास लागली. दुःख उराशीं धरून ती घरांत बसली नाहीं. घर चालविण्याचें शास्त्र मुलींस व बायकांस शिकविलें पाहिजे, असें ती गांवोगांव सांगूं लागली. तिच्याच प्रेरणेनें १८९७ सालच्या फेब्रुवारींत स्टोनी क्रीक येथें शेतकऱ्यांच्या बायकांची पहिली संस्था निघाली. त्या एका रोपाच्या फांद्या पुढें अनेक देशांत पसरल्या.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१४ सालीं एक कायदा झाला. शेतकी महाविद्यालयांतील ज्ञान खेड्यांतील शेतांवर व घरांत पोंचवावें, असा त्याचा हेतु होता. तेव्हांपासून तेथील ग्रामीण गृहिणींच्या मंडळांस मोठें बळ आलें. ह्यांपैकीं केंटकी राज्याचें उदाहरण आम्ही घेतों. हें नांव आपणां कॅथोलिकांस अगदींच परकें वाटूं नये. त्या राज्यांतील नेल्सन कौंटींत १८१२ सालीं स्थापन झालेल्या नाझरेथच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी ह्या संघाच्या भगिनी १९४७ सालीं बिहारांतील मोकामा येथें आल्या व तेथें त्यांनीं रुग्णसेवा आरंभिली.

कौंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखा विभाग. केंटकी राज्यांत अशा १२० कौंट्या आहेत. तेथील गृहिणींच्या मंडळांची रीत साधी आहे. कौंटीच्या मुख्य गांवीं विद्यापीठातर्फे शिक्षक नेमलेले असतात. खेड्यांतील प्रत्येक मंडळ आपल्यांतील एकदोघींस त्यांजकडे धडा घेण्यास पाठवितें. धडा अन्न टिकविण्याचा असेल, शिवणाचा असेल, घरखर्चाचा असेल, किंवा आरोग्याचा असेल. त्या बायका शिकून परत येतात व तोच धडा आपल्या मंडळांतील इतरांस देतात. शरद ऋतु लागला कीं त्यांच्या कामांस भर येतो. कोणी आपल्या हातच्या गोधड्या प्रदर्शनांत मांडतात, कोणी एखाद्या परक्या देशाची माहिती ऐकण्यास जमतात, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या पूर्ण आठवड्यांत सर्व राज्यभर त्यांचा सप्ताह पाळला जातो. ह्या मंडळांचा कोणत्याही एका धर्माशीं संबंध नाहीं. शिकणारीनें दुसरीस शिकवावें, हाच त्यांचा पाया आहे.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७७ सालापासून ह्या गृहिणी स्त्रियांच्या बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठीं दर सभासदामागें वर्षास एक डॉलर ह्या मानानें वर्गणी देत आल्या आहेत. १९८७ सालीं लेक्झिंग्टन येथील त्यांच्या विद्यापीठांत तपासणीचें काम सुरू झालें, तेव्हां निरनिराळ्या कौंट्यांतील बायका सोबतीनें प्रवास करून तपासणीस जाऊं लागल्या. त्या विशिष्ट तपासणीनें मृत्यु कितपत टळतात ह्याविषयीं वैद्यांत मतभेद आहेत, आणि ती सरसकट सर्व स्त्रियांची करावी असें बहुतेक तज्ज्ञ सांगत नाहींत. तेव्हां त्यांची तपासणी आपण उचलावी असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांची एकजूट मात्र अवश्य उचलावी.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा आपल्या देशांतील स्त्रियांचा मोठा शत्रु आहे. तो वर्षानुवर्षें हळूहळू वाढतो, म्हणूनच वेळीं सांपडला तर बहुधा बरा होतो. मुंबईंत टाटा स्मारक रुग्णालयातर्फे १९९८ सालापासून गरीब वस्त्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांमध्यें एक प्रयोग करण्यांत आला. निम्म्या वस्त्यांत व्हिनेगरासारख्या सौम्य आम्लाचा बोळा लावून तपासणी केली जाई. रोगट जागा असल्यास ती पांढरी दिसते. ही तपासणी करणाऱ्या कोणी मोठ्या डॉक्टरीण नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या स्त्रियांस कांहीं आठवडे शिक्षण देऊन त्यांजकडून ती करून घेतली होती. २०१३ सालीं निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत ह्या रोगानें होणारे मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी झाले होते.

बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साह्यानें तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांतील खेड्यांतही असाच मोठा प्रयोग झाला. त्यांत १,३१,००० हून अधिक स्त्रिया होत्या. ज्या गटांत ह्या रोगाच्या विषाणूची एकच तपासणी करण्यांत आली, तेथें मृत्यूंचें प्रमाण तपासणी न झालेल्या गटाच्या सुमारें निम्म्यावर आलें, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. भगिनींनो, ह्या स्त्रिया शेतांत राबणाऱ्या होत्या. त्यांसही लाज होती, काम होतें, घरीं लहान मुलें होतीं. तरी त्या आल्या, म्हणून कित्येक घरांतल्या माता आज जिवंत आहेत.

आम्हां धर्मगुरूंस आजाऱ्यांच्या उशाशीं जावें लागतें. तेथें मातांच्या तोंडून एकच गोष्ट पुन्हां पुन्हां ऐकूं येते : "फादर, दुखत होतें, पण म्हटलें एवढा पावसाळा सरूं दे," "लेकीचें लग्न होऊं दे," "सण होऊं दे." सण होतो, लग्न होतें, आणि त्यानंतर आम्हांस पवित्र तैल घेऊन त्या घरीं जावें लागतें. अंत्यविधीस सारा गांव लोटतो. परंतु ती बाई जिवंत असतां तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जाणारी एक शेजारीण तिला मिळाली नाहीं, ही गोष्ट आमच्या मनास फार टोंचते.

म्हणून येत्या शरद ऋतूसाठीं आम्ही पांच कामें सुचवितों.

पहिलें काम सप्टेंबरांत. पवित्र मरियेचा जन्मोत्सव ८ तारखेस येतो. त्याच आठवड्यांत प्रत्येक वाडींतून दोघी जणी निवडाव्या, एक वडील व एक तरुण. त्यांनीं धडा घ्यावा व आपल्या वाडींत तो द्यावा. शिकलेल्या मुली आपणांपाशीं पुष्कळ आहेत. कोणी परिचारिका आहेत, कोणी शिक्षिका आहेत. त्यांचें ज्ञान त्यांच्या नोकरीच्या ठिकाणींच रहावें आणि स्वतःच्या वाडीस त्याचा उपयोग होऊं नये, हें बरें नव्हे.

दुसरें काम ऑक्टोबरच्या आरंभीं, नव्या धान्याच्या आगेऱ्याच्या सुमारास. पाऊस सरून ऊन पक्कें झालें कीं वसईच्या जुन्या गृहिणी राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवीत व त्यांचीं सुकेळीं करीत. हा हात आतां थोड्याच घरांत उरला आहे. ज्या आजीबाईंस तो अवगत आहे त्यांनीं अंगणांत चार मुलींस बसवून शिकवावें. मसाले, लोणचीं, पापड ह्यांचेंही तसेंच. अशा रीतीनें तयार केलेला माल आगमनकाळापूर्वीं विकून जी रक्कम येईल, तिजविषयीं पुढें सांगतों.

तिसरें काम जपमाळेच्या महिन्याचें. ऑक्टोबरांत वाडीवाडींतून घरोघर तेर्स होतो. तेर्स संपला म्हणजे चहापूर्वीं पाव घटका त्या दोघींपैकीं एकीनें धडा द्यावा. ह्या दिवसांत डासांचे ताप फार असतात, म्हणून पहिला धडा अंगणांतील फुलांच्या कुंड्या, जुने टायर, पिंपें ह्यांत सांचलेल्या पाण्याचा असावा. दर आठवड्यास एक दिवस तें उपसून कोरडें करावें. दुसरा धडा तान्ह्या मुलाच्या जुलाबाचा, मीठसाखरेचें पाणी कसें करावें व डॉक्टरांकडे केव्हां धांवावें ह्याचा. शेजारच्या हिंदु व मुसलमान भगिनींसही ह्या धड्यांस बोलवावें. डास कोणाचा धर्म पाहत नाहीं, आणि शेजारधर्मही पाहत नाहीं.

चौथें काम मुख्य आहे. भातकापणीची घाई सुरू होण्यापूर्वीं आरोग्यतपासणीचा एक दिवस ठरवावा. तीस वर्षें पूर्ण झालेल्या स्त्रियांच्या स्तनांची, तोंडाची व गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांतून करण्याची योजना आहे. मंडळानें तेथील अधिकाऱ्यांशीं आधीं बोलून दिवस नक्की करावा. तपासणी स्त्रीनेंच करावी अशी विनंति करावी. मुलींसाठीं ह्या रोगाची प्रतिबंधक लसही निघाली आहे, तिजविषयीं त्याच दिवशीं डॉक्टरांस विचारावें. मात्र कोणीही एकटीनें जाऊं नये. प्रत्येकीनें एका शेजारणीस हातीं धरून न्यावें, आणि जिला अधिक तपासणीस बोलावतील तिच्याबरोबर दुसऱ्या खेपेसही जावें. पहिल्या खेपेपेक्षां ही दुसरी खेप महत्त्वाची आहे, कारण भीतीनें पाय मागें फिरतात ते तेव्हांच. सुकेळ्यांची व मसाल्याची जी रक्कम जमेल ती अशा भगिनींच्या जाण्यायेण्याच्या व औषधांच्या खर्चासाठीं निराळी ठेवावी. तींत प्रत्येक सभासदानें महिन्यास दहा रुपये घालावे. केंटकीच्या गृहिणींचा एक डॉलर आपण विसरूं नये.

येथें एक गोष्ट निक्षून सांगतों. कोणाच्या तपासणीचा काय निकाल लागला, हें बाजारांत किंवा मंदिराच्या पायऱ्यांवर बोललें जाऊं नये. एका सैल जिभेमुळें दहा बायका घरीं बसतील. आणि ज्यांस लाज वाटते त्यांस आम्ही सांगतों कीं लाज पापाची असावी, दुखण्याची नसावी. शरीर देवानें दिलें आहे. त्याची निगा राखणें हा ऐषआराम नव्हे, तें कर्तव्य आहे.

पांचवें काम नोव्हेंबरांत, मृतांच्या महिन्यांत. आपण थडग्यांवर फुलें व मेणबत्त्या ठेवितों, तें योग्यच आहे. त्याच महिन्यांत वाडींतील विधवा, एकट्या राहिलेल्या वृद्ध आया, आणि ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशीं घरें, ह्यांची यादी करून प्रत्येक घरीं आठवड्यांतून एकदां कोणीतरी जावें. रिकाम्या हातीं गेलें तरी चालेल.

बंधूंनो, आतां दोन शब्द आपणांस. तपासणीच्या दिवशीं चूल आपण पेटवावी, गुरें व बाग आपण पहावी. "तुला काय झालें आहे तपासायला?" हा प्रश्न आपल्या तोंडून निघूं नये. घरांतील गृहिणी स्वतःसाठीं कधीं सवड मागत नाहीं, म्हणून ती आपण न मागतां द्यावी.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं मंडळानें आपला हिशेब आम्हांस सादर करावा. किती हार झाले, किती पंक्ति उठल्या, हें आम्ही विचारणार नाहीं. कोणत्या वाडींत किती धडे झाले, कितीजणी शेजारणीस घेऊन गेल्या, आणि दुसऱ्या खेपेस कोणी एकटी गेली काय, एवढेंच विचारूं. आंकडा लहान असला तरी तो खरा असावा.

देवदूताचा निरोप ऐकल्यावर पवित्र मरिया घरीं बसून राहिली नाहीं. ती त्वरेनें डोंगराळ प्रदेशांत अलिशिबेच्या घरीं गेली व सुमारें तीन महिने तिच्याजवळ राहिली. आपल्या ह्या कामांचेही तेवढेच महिने आहेत. त्या तीन महिन्यांत तिनें कोणतीं कामें केलीं हें सुवार्तिकानें लिहिलें नाहीं. परंतु एक गृहिणी दुसऱ्या गृहिणीच्या घरीं गेली, तिला अडचणीचे दिवस असतां गेली, एवढें लिहिलें, आणि तें आपणांस पुरेसें आहे. तीच माता आपल्या मंडळावर कृपादृष्टि ठेवो, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा आपणां सर्वांच्या घरांस आशीर्वाद देवो. आमेन.