शस्त्रक्रियेनंतरची पाच वर्षे

(तालुका कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



आशा कार्यकर्त्यांच्या मागण्यांवर मी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले आहे. मानधन, विमा, निवृत्तिवेतन या मागण्या आपणा सर्वांना पाठ आहेत. आज त्यांच्या कामाच्या अशा एका भागाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, की ज्याला सरकारी हिशेबात जवळजवळ स्थानच नाही. कर्करोगावर उपचार होऊन माणूस घरी परतल्यावर त्याचे पुढे काय होते, हा तो प्रश्न होय.

गेल्या उन्हाळ्यात बार्शी तालुक्यातील एका गावी जाण्याचा योग आला. तेथील एका शेतमजूर बाईंवर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खर्च भागला. सरकारच्या लेखी प्रकरण मिटले. घरी मात्र त्यांचे ताट आणि तांब्या वेगळे काढून ठेवलेले होते. रोग स्पर्शाने जडतो अशी सासूबाईंची समजूत. गावच्या आशाताईंनी यावर उपदेश केला नाही. त्या आठवड्याला एकदा येत आणि त्या बाईंच्या हातचा चहा, त्यांच्याच पेल्यातून, सासूबाईंच्या देखत पीत. दोन महिन्यांनी ताट पुन्हा मांडणीत गेले.

पण एवढ्याने भागत नाही. अशा अनेक रुग्णांना टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, निदान पाच वर्षे घ्यावी लागते. दुखत नाही, खुपत नाही, मग गोळी कशाला, हा प्रश्न दुसऱ्या वर्षी हमखास पडतो. काखेतील गाठी काढलेल्या असतील तर हात सुजण्याची भीती असते; त्यासाठी व्यायाम हवा, आणि खुरपणी तर थांबत नाही. तोंडाच्या कर्करोगातून वाचलेल्या पुरुषाचा जबडा पुष्कळदा पुरता उघडत नाही. त्याला भाकरी कुस्करून द्यावी लागते, आणि तंबाखूची पुडी पुन्हा खिशात येऊ नये म्हणून पाळतही ठेवावी लागते. सुरुवातीची वर्षे दर काही महिन्यांनी तपासणी असते. एका फेरीत रुग्णाचा एक रोज बुडतो आणि सोबत जाणाऱ्याचा दुसरा.

सामान्य शिक्षण झालेल्या स्त्रियांकडून असे काम होईल काय, अशी शंका घेतली जाते. याच बार्शीत 1987 साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदीसाठी गावोगाव फिरणाऱ्यांनी लक्षणे समजावून सांगितली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारांस येऊ लागल्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात तपासणी करणाऱ्या सेविका दहावीपर्यंत शिकलेल्या होत्या. तरीही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2014 साली प्रसिद्ध झाले. तेव्हा प्रश्न कुवतीचा नसून मोबदल्याचा आहे.

2005 साली आशा योजना आली तीच 'स्वयंसेविका' हा शब्द घेऊन. पुढे तीस वर्षांवरील माणसांची असंसर्गजन्य रोगांसाठी पाहणी सुरू झाली, तेव्हा केंद्राने माणशी तक्ता भरण्याचे 10 रुपये आणि रुग्णाच्या पाठपुराव्याचे सहा महिन्यांना 50 रुपये ठरविले. म्हणजे महिन्याला आठ रुपये आणि काही पैसे. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला हजारावर मजुरी मिळते. विडी निदान मोजता तरी येते. (त्या विडीचा हिशेब पुढे कोणत्या रुग्णालयात होतो, हा निराळा विषय!) परंतु सासूबाईंसमोर प्यालेला चहा कोणत्या दराने मोजणार? जे काम नगावर मोजता येत नाही, त्याला महिन्याचे वेतनच द्यावे लागते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेने योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, असे म्हटलेच होते. आपल्या राज्यात 2023-24 च्या आंदोलनानंतर मानधनात 5000 रुपयांची वाढ झाली. ती स्वागतार्ह आहे, तथापि मानधन म्हणजे वेतन नव्हे.

येथे आपल्या बाजूकडेही पाहिले पाहिजे. केरळने 2008 साली परिहार सेवेचे धोरण स्वीकारले. तेथे पंचायतीच्या पैशातून परिचारिका घरोघर जाते, आशा तिच्याबरोबर असते. याचे कौतुक मी अनेक व्याासपीठांवरून केले आहे. त्याच केरळात, डाव्या आघाडीच्या राजवटीत, 10 फेब्रुवारी 2025 पासून आशा सचिवालयासमोर महिनोन्महिने बसून राहिल्या. हे सांगताना मला संकोच वाटतो, पण झाकून काय साधणार?

आपापल्या गावी परतल्यावर उपचार घेऊन आलेली माणसे किती, त्यांच्यापैकी तपासणीस कोण जात नाही, एवढे आशाताईंना विचारा, आणि त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद ग्रामपंचायतीच्या आराखड्यात मागा. यादी त्यांच्याकडे असते. बार्शीच्या त्या ताईंना मी विचारले, या भेटी कोणत्या रकान्यात लिहिता? त्यांनी वहीचे मागचे पान उघडले. गोळ्या संपण्याच्या तारखा पेन्सिलीने मांडलेल्या होत्या. "हे पान कुणी तपासत नाही, सर," त्या म्हणाल्या, आणि उठल्या. त्यांना अजून दोन घरी जायचे होते.