नदीपलीकडची वहिनी अन् १९५० चा कागद

(ऊर्जानगर येथील बैठकीत केलेले भाषण)



सयान्या माणसांनो, बायांनो, दोस्तांनो, इथून जवळच भद्रावतीला विजेचं मोठं केंद्र आहे. तिथून तारा थेट तेलंगणातल्या रामागुंडमला जोडल्या आहेत. वीज राज्याची सीमा ओलांडते, तिला कोणी दाखला मागत नाही. माझ्या वहिनीला मागतात.

आम्ही भामरागडकडचे माडिया. वहिनीचं माहेर इंद्रावतीच्या पलीकडे, बस्तरात. सोयरीक जुळवताना घरच्यांनी देव पाहिले, सहा देवे की सात देवे ते. राज्य कोणतं, हे कोणी विचारलं नाही. यंदा तिला ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर उभं राहायचं होतं. जातीच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात गेलो, तर साहेब म्हणाले, वडलांचा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा महाराष्ट्रातला पुरावा आणा. वडील बस्तरचे, महाराष्ट्रातला कागद कुठून आणणार? अर्ज परत. येताना वहिनी रस्ताभर काही बोलली नाही.

पण ही १९५० ची तारीख नीट पहा. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं, ते १९६० मध्ये झालं. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. बस्तरही मध्य प्रदेशातच होतं! म्हणजे त्या दिवशी तिच्या बापाचं गाव अन् माझ्या आजोबाचं गाव एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला चांदा मुंबई राज्यात गेला अन् मधली नदी राज्याची सीमा झाली. पलीकडचं राज्य २००० मध्ये पुन्हा बदललं, छत्तीसगड झालं. राजुरा तर हैदराबादमधून इकडे आला. लोक मात्र होते तिथेच होते.

अनुसूचित जमातींची यादी राज्याराज्याची वेगळी असते, घटनेच्या कलम ३४२ प्रमाणे. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, दुसऱ्या राज्यात राहायला गेलं की जुन्या राज्याची सवलत सोबत येत नाही. दूर शहरात गेलेल्या माणसाचं एक वेळ समजू. पण डोंगा घालून नदी ओलांडून सासरी आलेली बाई "स्थलांतरित" काहून?

जगात हा प्रश्न नवा नाही. अमेरिका अन् कॅनडाच्या सीमेवरच्या आदिवासींसाठी १७९४ च्या करारात इकडून तिकडे मोकळं जाणं-येणं लिहिलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात कलम ३६ आहे, सीमेनं वेगळ्या झालेल्या आदिवासींना आपसातले संबंध ठेवण्याचा हक्क. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं होतं. ते देशादेशांच्या सीमेचं आहे, आपली तर एकाच देशातली. आपल्याला पाय कोणी अडवत नाही. पौषात इकडचे गोंड केसलापूरच्या नागोबाला जातातच. अडतो तो कागद.

जंगलाचंही तसंच. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३ मध्ये साफ लिहिलं आहे, गावाच्या सीमेच्या आत किंवा बाहेर परंपरेनं गोळा केलेल्या गौण वनउपजावर आपली मालकी. (गौण! मोह अन् तेंदू ज्यांच्या घरचा वर्षाचा खर्च चालवतात, त्यांना विचारा गौण काय ते.) हा केंद्राचा कायदा आहे, नदीच्या दोन्ही काठांना लागू. एकच जंगल दोन ग्रामसभा वापरत असतील तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून लिहून द्यायचं, असं नियम १२ सांगतो. आपल्यापैकी किती गावांनी दाव्यात पलीकडचं जंगल, मासे धरायचा डोह, चराई लिहिली? आमच्या गावानं नाही लिहिली. चूक आमचीच, साहेबाची नाही.

तर दोन कामं. दाव्यात राहिलेलं ते लिहून काढा, सयान्यांना विचारून, जागांच्या माडिया नावांसकट. अन् प्रत्येक ग्रामसभेनं पलीकडून सून म्हणून आलेल्या बायांची यादी करून ठराव घ्या: १९५० मध्ये जिथे एकच राज्य होतं, तिथला पुरावा इथे चालावा. ठरावानं उद्या दाखला मिळेल असं मी म्हणत नाही. वहिनीची ही निवडणूक तर गेली. पण किती बाया आहेत, हे तरी आपल्या कागदावर येईल.

पुढच्या इलाका सभेला पलीकडच्या तीन गावांना निरोप दिला आहे. नदीला पाणी कमी आहे तोवर ते येतील. जेवण आपल्याकडे, तांदूळ प्रत्येक घरून एक पायली आणा.